टोळीतली मुलगी नुसती बघत का राहते?

पत्र : "मी पुण्यात राहते. दोन लघुपट केल्यावर आता पहिला मोठा चित्रपट करतेय. गावाकडची प्रेमकथा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊस बागायतदाराचा मुलगा आणि बीडहून तोडणीला आलेल्या टोळीतली १६ वर्षांची मुलगी. शेवटी दोघांचा खून होतो. सगळ्या प्रकारची माणसं दिसावीत म्हणून मी मुद्दाम नायकाचा मुस्लिम मित्र, टोळीतली बंजारा मावशी, नायिकेचा पायानं अधू भाऊ आणि जत्रेतली एक तृतीयपंथी व्यक्ती अशी पात्रं घातली. जात कुठंही उच्चारलेली नाही, कारण मला कुणाला दुखवायचं नाही. पटकथा बीडच्या एका मित्राला वाचायला दिली. त्याचे आईवडील अजून तोडणीला जातात. त्यानं ती परत केली आणि एवढंच म्हणाला, 'यात आम्ही आहोत, पण आमचं काही नाही.' निर्माते म्हणतात, मुंबईचा ओळखीचा चेहरा घेऊ, मेकअपनं सावळा करू. चित्रीकरण जानेवारीत आहे. माझं नेमकं चुकलं कुठं, आणि आता काय दुरुस्त करता येईल? — एक नवी दिग्दर्शिका, पुणे"

नमस्कार.

तुमच्या मित्राचं वाक्य लिहून टेबलासमोर चिकटवा. त्यानं तुम्हाला नेमकी जागा दाखवली आहे. आता पटकथा घ्या, एक लाल पेन घ्या आणि नायिकेचा प्रत्येक प्रसंग काढून समासात तीन गोष्टी लिहा : तिचे हात काय करतायत, प्रसंग कुणी सुरू केला, आणि प्रसंग संपताना निर्णय कुणाचा झाला. अशा पटकथांत सहसा काय सापडतं ते आधीच सांगतो. ती पाणी भरते, वळून बघते, लाजते, रडते, पळते. प्रसंग नायक सुरू करतो, तोच संपवतो. त्याच्या बाजूला ट्रॅक्टरचा हप्ता आहे, सोसायटीची निवडणूक आहे, बापाशी भांडण आहे. तिच्या बाजूला फक्त गरिबी आहे, आणि गरिबी हे काही पात्र नव्हे. मित्राला "आमचं काही नाही" असं वाटलं ते इथं. त्याच्या आईला दिवसाला शंभर गोष्टी ठरवाव्या लागतात आणि तुमच्या नायिकेला एकही ठरवावी लागत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती कामाची. टोळीचं काम आणि त्या कामाचा हिशोब तुम्हाला पाठ झाला की निम्मे प्रसंग आपोआप बदलतील.

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, कोयत्यामागे उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती तोडलेल्या टनांतून फिटते. आता हे गणित कागदावर मांडा. समजा बापानं एक लाख उचल घेतली. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या ३४ टक्के वाढीनंतर डोकी सेंटरचा (मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरणाऱ्या टोळीचा) दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. म्हणजे लाख रुपये फिटायला २७३ टन ऊस तोडायचा. एका कोयत्याला दिवसाला दोन टन निघाले, तेही रोज, एकही दिवस न चुकता, तर १३७ दिवस लागतात. हंगाम बऱ्याचदा त्याआधीच संपतो. राहिलेली रक्कम अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. आजारपणानं किंवा पाळीच्या त्रासानं काम चुकलं तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

या एका हिशोबातून तुमच्या गोष्टीचा कणा बदलतो. मुलगी निघून गेली तर सगळ्यात आधी दारात कोण येईल? तुमच्या पटकथेत बहुधा नायकाचे चुलते येत असतील. खरं तर आधी मुकादम येईल, कारण त्याचा तोडणीचा हात गेला. मुलगी आईबापाबरोबर राबते तेव्हाच त्यांचे टन वाढतात. तिचं लग्न झालं की दुसऱ्या घरी एक नवा कोयता तयार होतो. त्यामुळे तिचं प्रेम हा तिच्या घरच्यांसाठी इज्जतीइतकाच उचलीचा प्रश्न आहे. पळून जायच्या आदल्या रात्री ती चंद्राकडे बघत बसणार नाही. वहीत उरलेले टन मोजेल आणि आपल्यामागं आईवर किती बोजा पडेल याचा हिशोब करेल. हा प्रसंग लिहून बघा. त्यात संवाद जवळजवळ लागणारच नाहीत.

दुसरी गोष्ट तुमच्या पटकथेत पूर्ण राहून गेली आहे : टोळीचीही एक ताकद असते. ऊस तोडणीला आला, तुरे पडायला लागले, वजन घटायला लागलं की बागायतदाराचा जीव खालीवर होतो. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात चकरा, चिटबॉयची, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाची, मनधरणी, आणि टोळी फडात (उसाच्या शेतात) यावी म्हणून वर खुशाली, म्हणजे बक्षिसी. गाडीवाल्याला 'एंट्री'चे पैसे द्यायचे ते वेगळेच. म्हणजे तुमच्या नायकाचा बाप, ज्याच्या बांधावर टोळीच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडल्या आहेत, तोच एखाद्या संध्याकाळी नायिकेच्या बापापुढं आवाज खाली करून उभा असू शकतो. दोघांची पहिली नजरानजर या प्रसंगात घाला. तिनं त्याच्या बापाला अजिजी करताना पाहिलंय, हे त्याला कळलेलं आहे. तिथून सुरू झालेलं प्रेम विहिरीवर घागर सांडण्यापेक्षा कितीतरी खरं वाटेल.

आता जातीचा प्रश्न. उच्चारा. टाळलीत तर प्रेक्षक आपल्या मनातली जात तिथं बसवतो, आणि ती बहुधा ठोकळेबाज असते. शिवाय टोळी ही काही एक जात नाही. बीड जिल्ह्यातून तोडणीला जाणाऱ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, धनगर, मराठा, बौद्ध, मातंग, मुस्लिमही आहेत. टोळी नात्यागोत्यातून बांधली जाते, म्हणून एका टोळीत बरेचदा एकाच समाजाचे लोक जास्त दिसतात. नायिका यांतली कोण, हे ठरवल्याशिवाय तिची आई कुठल्या देवाला नवस बोलते, घरात कुठली बोली आहे, मामा लग्नात काय हक्क सांगतो, यातलं काहीच तुम्हाला ठरवता येणार नाही.

कायद्याचाही भाग आहे आणि तिथं पटकथालेखक हमखास घसरतात. महाराष्ट्रात वंजारी भटक्या जमाती (ड), धनगर भटक्या जमाती (क) आणि बंजारा विमुक्त जाती (अ) या प्रवर्गात मोडतात. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे नुसतं 'अ‍ॅट्रॉसिटी' म्हणतात, तो अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे. नायिका बंजारा असेल आणि चौकीत कुणी "अ‍ॅट्रॉसिटी लावतो" असं म्हणालं, तर जाणकार प्रेक्षक तिथंच तुमच्यावरचा विश्वास सोडेल. (कर्नाटकात बंजारा अनुसूचित जातीत आहेत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. सीमेपलीकडच्या कारखान्यावर गोष्ट नेलीत तर हे लक्षात ठेवा.) नायिका बौद्ध किंवा मातंग असेल तर हा कायदा लागू होतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं जातो. हवालदार परस्पर प्रकरण मिटवतो असं दाखवायचं असेल तर तो नियम मोडतोय, हे प्रसंगात कळलं पाहिजे. नायिका मराठाच असेल तर? तीही चांगली गोष्ट होऊ शकते. मग भिंत कुळाची आणि पैशाची. "आमच्यातलीच आहे, पण कोयतेवाली आहे" हे वाक्य मुलाच्या आईच्या तोंडी फार जड पडेल.

जात उच्चारायची म्हणजे कुणीतरी छाती पुढं काढून भाषण करायचं, असं नाही. गावात कुणी "तुझी जात काय?" असं क्वचितच विचारतं. "आडनाव काय म्हणालास?" "पाव्हणं कुठलं?" "गावात घर कुठल्या अंगाला?" एवढ्यावर सगळं कळतं. नायक कोपीवर आला तर कुठं टेकतो, पुढं केलेला चहा घेतो का, पिऊन झाल्यावर कप कुठं ठेवतो, त्याच्या घरी नायिकेच्या आईला पाणी कशातून मिळतं, एवढं कॅमेऱ्याला पुरतं. असे तीन-चार तपशील पहिल्या अर्ध्या तासात पेरा. शेवटच्या भांडणात मग जातीचं नाव घ्यावंही लागणार नाही आणि घेतलं तर ते उपरं वाटणार नाही.

वय बदला. १६ वर्षांची नायिका चालणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ च्या आतल्या मुलीच्या संमतीला अर्थच नाही. बापानं फिर्याद दिली की मुलगा आत जातो. मग तुमची प्रेमकथा वेगळ्याच रस्त्याला लागते. शिवाय कॅमेऱ्यासमोर १६ वर्षांच्या देहाकडं प्रेक्षकाला प्रेमिकेच्या नजरेनं बघायला लावणं चूक आहे, यात आम्हाला शंका नाही. ती १९ ची करा, तो २२ चा. मात्र लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : तिच्या आजूबाजूच्या किती तरी मुलींची लग्नं लवकर लागली असताना हिचं अजून का नाही? याचं उत्तर पटकथेत हवं. आईबाप तोडणीला गेल्यावर ती गावातच हंगामी वसतिगृहात राहिली, बारावी झाली, आणि यंदा आईचं पाठीचं दुखणं वाढल्यामुळे पहिल्यांदाच हंगामाला आली, असं केलंत तर तिच्या नजरेला धार येते. ती कोपीत नवी आहे. आईचं आयुष्य ती पहिल्यांदा जवळून बघते आहे.

आईबद्दल एक कळकळीची विनंती. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तुमच्या पटकथेत आईची अशी शस्त्रक्रिया मध्यंतराआधीचा धक्का म्हणून येत असेल तर ती तिथून काढा. पोटावरचा व्रण जवळून दाखवू नका. ती गोष्ट पाठीच्या दुखण्यातून, गोळीच्या पाकिटातून, पहाटे तीनला उठून भाकरी थापताना मध्येच थांबण्यातून येऊ द्या. फडात आडोसा नसतो, पाणी लांब असतं, रजा घेतली की खाडा. हे कळलं की प्रेक्षक तो निर्णय कसा झाला असेल ते स्वतः जोडून घेतो. मुलीला हे सगळं माहीत असणं आणि त्या मुलाला काहीच माहीत नसणं, हे त्यांच्यातलं खरं अंतर आहे.

भाषेकडं येऊ. तुमची सगळी पात्रं बहुधा एकच 'गावरान' बोलत असणार : व्हय, न्हाय, लई, आन् काय. असं सगळ्या महाराष्ट्राचं मिळून एक गाव नसतं. कोल्हापूरकडं मुलीसुद्धा "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात. बीडच्या मुलीला हे ऐकून आधी हसू येईल, आणि हंगामाच्या शेवटी तिच्या तोंडून नकळत "मी आलो" निघालं तर तिच्या आईच्या काळजात लगेच धस्स होईल. प्रेमाची याहून चांगली चुगली कुठली? तो "काय करालाईस?" विचारणार, ती "कामून?" म्हणणार. टोळीतली माणसं एकमेकांना "बाप्पा" म्हणून हाक मारतील. असे फरक पुस्तकातून उचलू नका, कारण तालुका बदलला की तेही बदलतात. दोन्ही बाजूंची तीन-तीन माणसं गाठा : एक तरुण मुलगी, एक पन्नाशीची बाई, एक मुकादमाच्या वयाचा माणूस. प्रत्येकाचं वीस-पंचवीस मिनिटांचं बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. तुमचे संवाद वाचायला देऊ नका, वाचताना माणूस शाळेतलं बोलतो. "मागच्या हंगामात गाडी उलटली तेव्हा काय झालं?" असं विचारा आणि गप्प बसा. संवाद लिहून झाले की त्याच माणसांकडून दुरुस्त करून घ्या आणि त्या कामाचे पैसे द्या.

बंजारा मावशी ठेवणार असाल तर ती घरच्यांशी गोरमाटी बोलेल, आईला याडी म्हणेल. ते तसंच ठेवा, खाली मराठी ओळ द्या. मोडकं मराठी बोलायला लावून तिच्यावर हशा काढू नका. आणि हे सगळं करून शेवटी मुंबईच्या स्टुडिओत दुसऱ्याच कुणाकडून डबिंग करून घेतलंत तर सगळी मेहनत पाण्यात जाते. सेटवरच आवाज घ्या. ते अशक्य झालं तर डबिंगला तोच कलाकार आणि शेजारी तुमची बोलीची जाणकार, दोघंही हवेत.

बाकीच्या पात्रांना एकच कसोटी लावा. पात्र काढून टाका आणि गोष्ट अडते का बघा. तुमच्या अधू भावाच्या बाबतीत ती अडायला हवी. सध्या तो खाटेवर बसून बहिणीसाठी रडतो, असं आम्ही धरून चालतो. तोडणीच्या जगात तो नक्की काहीतरी करत असेल. कोप्या राखतो, लहान पोरं सांभाळतो, आणि टनांची वही लिहितो. वही त्याच्याकडं असेल तर मुकादमाचा खोटा हिशोब त्यालाच आधी कळतो. आता तो गोष्टीत हवाच आहे. भूमिकेला पायानं अधू असलेलाच नट घ्या. मग फडाच्या वाटेवर त्याची खुर्ची किंवा कुबडी कशी चालेल, लोकेशनवर त्याला वापरता येईल असं संडास आहे का, हे निर्मिती व्यवस्थापकाच्या यादीत आजच टाका. मुस्लिम मित्र फक्त निरोप पोचवत असेल तर त्याला स्वतःचा ऊस द्या, स्वतःची अडलेली तोड द्या, आणि टोळी आधी कुणाच्या फडात जाणार यावरून दोघांचं एकदा भांडण होऊ द्या. जत्रेतली तृतीयपंथी व्यक्ती एका गाण्यापुरती असेल तर काढा. ठेवायची असेल तर तिला नाव द्या. सौंदत्तीच्या यल्लम्माशी जोडलेली जोगत्यांची परंपरा त्या भागात आहे आणि ती शहरातल्या सिग्नलवरच्या जगापेक्षा वेगळी आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका. चारांपैकी दोन पात्रं उरली तरी तुमचा चित्रपट आजच्यापेक्षा भरलेला दिसेल.

निर्मात्यांच्या सूचनेला सरळ नकार द्या. गोऱ्या चेहऱ्यावर सावळा रंग चढवणं म्हणजे त्या मुलींना सांगणं की तुमचा रंग चालेल, तुम्ही नाही. ते धंद्याचं कारण पुढं करतील. त्यांना आठवण करून द्या : 'सैराट' २०१६ मध्ये आला तेव्हा रिंकू राजगुरू हा अकलूजचा पूर्ण नवा चेहरा होता. तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला आणि चित्रपटानं मराठीतले कमाईचे तोवरचे सगळे आकडे मागं टाकले. नव्या मुलीचा शोध मात्र घाईत होत नाही. बीड, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, शेजारचं पाथर्डी, इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांत, वसतिगृहांत, कलापथकांत चाचण्या ठेवा. पहिल्या फेरीत संवाद देऊ नका, घडलेली गोष्ट सांगायला लावा. निवड झाल्यावर दीड महिना कार्यशाळा लागते. मुलगी आणि तिचे आईवडील यांच्याशी मराठीत लिहिलेला करार करा, पैसे तिच्याच खात्यात. चित्रपट आल्यानंतर दारात गर्दी झाली तर शिक्षण, फोन, प्रवास यांचं काय, हे करारातच असू द्या. ती जबाबदारी प्रदर्शनाच्या दिवशी संपत नाही.

नायक शहरातला घेतलात तरी चालेल, पण टोळीतल्या कुठल्याही भूमिकेला कोयता न धरलेला हात नको. ऊस बुडाला, जमिनीलगत तोडायचा, कारण बुडातच वजन आणि साखर जास्त. मग पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं तोडून वेगळं टाकायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. मोळी सहज २५ किलोंच्या वर जाते. बहुतेक कोयत्यांत पुरुष तोडतो आणि बाई सोलते, बांधते, वाहते. कंबरेतून वाकणं, पाय किती अंतरावर ठेवायचे, डावा हात उसाला कुठं धरतो, हे आठ दिवस रोज तासभर शिकल्याशिवाय येत नाही आणि नवशिका कोयता नडगीवर बसतो. सरावाला आधी बोथट कोयता द्या, पायाला जाड गुंडाळी बांधा, प्रथमोपचाराची पेटी फडातच ठेवा.

जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. म्हणून चित्रीकरणाबद्दल चार गोष्टी अगदी नेमक्या.

फड एकदा तुटला की तुटला. दहा कोयत्यांची टोळी दिवसाला वीस टन पाडते आणि एकरी चाळीस टन धरले तर एकर दोन दिवसांत उघडा होतो. तोडलेला ऊस वाळायला लागतो, तो २४ तासांच्या आत कारखान्यात गेला पाहिजे. तुमच्या फेरचित्रणासाठी तो थांबणार नाही. शेतकऱ्याशी आधीच बोलून चार-पाच सरींचे पट्टे राखून ठेवा, नुकसान भरा, आणि पात्रांच्या मागं किती ऊस उभा आहे याचा रोज फोटो काढा. नाहीतर एकाच प्रसंगात मागचा ऊस गायब होतो आणि परत उगवतो.

खऱ्या टोळीला कॅमेऱ्यासमोर उभं केलंत तर त्या दिवसाचा त्यांचा टनेज बुडतो. मुकादमाचं "हो" पुरेसं नाही. प्रत्येक माणसाला वेगळं विचारा, नकार देता येईल अशा पद्धतीनं विचारा, आणि कोयत्याच्या दिवसभराच्या कमाईपेक्षा जास्त रक्कम थेट नवरा आणि बायको दोघांच्या हातात वेगवेगळी द्या. मुकादमाकडं दिलेले पैसे उचलीत वळते होऊ शकतात.

लहान मुलं घेणार असाल तर २०१७ मध्ये आलेले बालकामगार नियम वाचा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस, आणि मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावानं मुदत ठेवीत. कोपीतलं रडतं पोर 'सहज मिळालं' म्हणून टिपू नका. बैलगाडी दाखवायची तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्या. ती नसेल तर सेन्सॉरच्या टेबलावर चित्रपट अडकतो.

कोप्या बांधताना कला दिग्दर्शकाला दोन टोकांपासून वाचवा. एक टोक चिखल-लक्तरांचं, दुसरं टोक मातीनं सारवलेल्या सुंदर झोपडीचं. खऱ्या कोपीत बांबू आणि प्लॅस्टिक असतं, आणि आत घासून चकचकीत ठेवलेली स्टीलची भांडी, आरसा, चार्जिंगला लावलेला मोबाईल, एखादं दप्तर. बायका तिथंही घर नीट ठेवतात, आणि ते दिसणं तुमच्या चित्रपटाला फार गरजेचं आहे.

आता शेवट. दोघांचा खून करू नका, असं आम्ही सरसकट सांगणार नाही, असे खून होतात. पण तुमच्या पटकथेत तिला मरण येतं तेव्हा तिनं आधी काय ठरवलं होतं, हे प्रेक्षकाला माहीत आहे का? विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकजण तरी आधीचे ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. ती नोव्हेंबरपासून कोल्हापूर जिल्ह्यात आहे, म्हणजे अट पुरी होते. फेब्रुवारीच्या मध्यात नोटीस दिली तर तारीख मार्चमध्ये येते, आणि त्याच सुमाराला कारखान्याचा पट्टा पडतो (गाळप बंद होतं), टोळी गावाकडं निघते. नोटीस ऑफिसच्या फळ्यावर लागते, कुणीही वाचू शकतं. तिचा शाळा सोडल्याचा दाखला बीडला आहे, तो कोण आणणार? वही लिहिणारा भाऊ? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा यांबद्दल आदेश दिले आहेत. तिनं हे कुठंतरी ऐकलेलं असू दे, आणि दार ठोठावायला ती आधी जाऊ दे. मग दार उघडो किंवा न उघडो, शेवट तिचाही होतो.

मित्राकडं परत जा, पण "जरा बघून दे ना" म्हणून नव्हे. त्याला सहसंवादलेखक म्हणून लेखी करार द्या : रक्कम, श्रेयनामावलीत नाव, आणि अंतिम चित्रपट न पटल्यास नाव काढून घेण्याचा हक्क. त्याच्याशिवाय निदान तीन वाचक हवेत. तोडणीला जाणारी एक बाई (तिला वाचून दाखवा, दोन बैठकांत), नायिकेची जी जात ठरवाल त्या समाजातलं एक माणूस, आणि कोल्हापूरकडचा एक ऊस उत्पादक. तिघांनाही एवढंच विचारा : कुठं खोटं वाटलं, कुठं लाज वाटली, आणि तुम्ही असता तर या जागी काय केलं असतं? तिघांची उत्तरं जुळणार नाहीत. बागायतदार म्हणेल आम्हाला खलनायक केलंत, बाई म्हणेल मुकादम इतका वाईट नसतो, याहून गोड बोलतो. तिचं ऐका. गोड बोलणारा मुकादम तुमच्या सध्याच्या मुकादमापेक्षा भीतीदायक आहे.

हे सगळं जानेवारीपर्यंत होणार नाही. चित्रीकरण एक वर्ष पुढं ढकला. या जानेवारीत फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग, फडाचे आणि कोप्यांचे फोटो, मुलीच्या चाचण्या एवढंच करा. निर्मात्यांना ऊस दर वर्षी तुटतो, हे सांगता येईल. आणि प्रदर्शनाची तारीख ठरवताना दिवाळी ते मार्च टाळा. त्या काळात ज्यांची गोष्ट आहे ती माणसं गावात नसतात, फडात असतात. जून ते सप्टेंबरमधला एखादा आठवडा धरा आणि पहिला खेळ धारूर किंवा वडवणीत लावा.